गुलाबी मेणबत्ती

पाठ १२ । वाचन स्तर : चौथा । महिना : डिसेंबर

वाचण्याआधी

विद्यार्थी मित्रांनो, पाठ उघडण्याआधी घरातल्या कोणाशी तरी या तीन प्रश्नांवर मराठीत बोला. एखादा शब्द अडला तर इंग्रजी शब्द वापरा, पण वाक्य मराठीत पूर्ण करा.

१. डिसेंबर महिन्यात तुमच्या शाळेत काय काय चालू असतं?
२. तुम्ही खूप दमलेले असता तेव्हा घरच्यांशी कसे वागता? खरं सांगा!
३. तुम्ही सगळ्यात जास्त दिवस कशाची वाट पाहिली आहे?

भाग १ : दहा रिकाम्या खिडक्या

गोष्ट गेल्या डिसेंबरमधली आहे. १४ तारीख, रविवार.

आम्ही लंडनजवळच्या एका छोट्या गावात राहतो. डिसेंबरच्या मध्यावर इथे दुपारी चारच्या आधीच सूर्य मावळतो. सकाळी ऑफिसला जाताना अंधार आणि घरी येतानाही अंधार. मी सॉफ्टवेअरचं काम करतो. त्या पंधरवड्यात आमचं वर्षअखेरचं मोठं काम चालू होतं. रात्री काही बिघडलं तर फोन मलाच यायचा. शनिवारी रात्री तो तीन वेळा वाजला. रविवारी सकाळी उठलो तेव्हा डोळे चुरचुरत होते आणि अंगात त्राण नव्हतं.

स्वयंपाकघरात माझी सात वर्षांची मुलगी जमिनीवर बसली होती. समोर तिचं ॲडव्हेंट कॅलेंडर होतं. तुम्हाला हे कॅलेंडर माहीत असेलच. त्यावर १ ते २४ अशा छोट्या खिडक्या असतात. रोज एक खिडकी उघडायची आणि आतलं एक चॉकलेट खायचं. त्या दिवशी तिने १४ नंबरची खिडकी उघडली. मग १५ नंबरची. मग १६. मी पोचेपर्यंत २४ नंबरची खिडकीसुद्धा सताड उघडी होती आणि तिच्या गालाला चॉकलेट लागलं होतं.

"अगं, हे काय केलंस?"

"बाबा, मला वेट करून करून कंटाळा आला."

खरं तर ही हसण्यासारखीच गोष्ट होती. पण मी हसलो नाही. मी ओरडलो. इतक्या जोरात ओरडलो की ती रडलीसुद्धा नाही, नुसती माझ्याकडे बघत राहिली.

दहा चॉकलेटांसाठी कोणी एवढं ओरडतं का? मी दमलो होतो, आणि दमलेल्या माणसाचा राग समोर जो असेल त्याच्यावर निघतो. हे मला कळत होतं. पण तेव्हा मी तिला काहीच बोललो नाही. लॅपटॉप उघडला आणि कामाला बसलो.

भाग २ : मावशींच्या टेबलावर

आमच्या शेजारी एक मावशी राहतात. मूळच्या वसईच्या. मी त्यांना मावशी म्हणतो, म्हणून माझी मुलगी त्यांना "मावशीआजी" म्हणते. मावशी वृद्धांच्या एका केअर होममध्ये रात्रपाळी करतात. त्याच वर्षी जुलैमध्ये त्यांचे यजमान, म्हणजे आमचे काका, वारले.

त्या रविवारी संध्याकाळी मावशींनी आम्हाला चहाला बोलावलं होतं. खरं सांगायचं तर मला जायचं नव्हतं. पण मावशींना नाही कसं म्हणणार? आम्ही दोघं गेलो. माझी मुलगी माझा हात न धरता चालत होती.

मावशींच्या टेबलावर हिरव्या डहाळ्यांचं एक गोल कडं होतं. त्यात चार मेणबत्त्या उभ्या होत्या. तीन जांभळ्या, एक गुलाबी. दोन जांभळ्या मेणबत्त्या थोड्या जळून बुटक्या झाल्या होत्या. मावशींनी आधी त्या दोन लावल्या आणि मग काडेपेटी माझ्या मुलीच्या हातात दिली. "आज तिसरा रविवार. आज गुलाबी. तू लाव."

"ही एकटीच पिंक का आहे?" तिने विचारलं.

"ही आनंदाची मेणबत्ती," मावशी म्हणाल्या.

थोडं थांबा : आगमनकाळ म्हणजे काय?

पुढे जाण्याआधी थोडी माहिती घेऊ या.

नाताळच्या आधीच्या चार रविवारांच्या काळाला इंग्रजीत ॲडव्हेंट म्हणतात. मराठी बोलणारे कॅथलिक लोक त्याला 'आगमनकाळ' म्हणतात. आगमन म्हणजे येणे. 'ॲडव्हेंटस' या मूळ लॅटिन शब्दाचा अर्थही येणे असाच आहे. आपण गणपतीचे आगमन म्हणतो, तोच हा शब्द. हा काळ दरवर्षी २७ नोव्हेंबर ते ३ डिसेंबर यांच्यामधल्या रविवारी सुरू होतो आणि २४ डिसेंबरला संपतो. येशूच्या जन्माच्या सणाची वाट पाहण्याचा हा काळ आहे.

पूर्वी अनेक ठिकाणी या दिवसांत उपवास करत असत. चर्चमधला या काळाचा रंग जांभळा असतो. हा साधेपणाचा आणि मनाच्या तयारीचा रंग मानतात. पण तिसऱ्या रविवारी रंग बदलतो. त्या दिवशी धर्मगुरू गुलाबी झगा घालू शकतात आणि वेदीवर फुले ठेवता येतात. या रविवाराचे नाव आहे 'गाउदेते'. हा लॅटिन शब्द आहे. त्याचा अर्थ 'आनंद करा'.

हा शब्द आला आहे संत पौलाच्या एका पत्रातून. पौलाने ते फिलिप्पै नावाच्या शहरातल्या लोकांना लिहिले. पत्र लिहिताना तो कैदेत होता. म्हणजे 'आनंद करा' असे दुसऱ्यांना सांगणारा माणूस स्वतः बेड्यांमध्ये होता.

मेणबत्त्यांच्या कड्याची गोष्टही वाचण्यासारखी आहे. जर्मनीतल्या हॅम्बुर्ग शहरात योहान हिन्रिश विखर्न नावाचे एक धर्मोपदेशक गरीब मुलांसाठी आश्रम चालवत होते. मुले त्यांना रोज विचारत, "नाताळ कधी येणार?" शेवटी १८३९ साली विखर्न यांनी गाडीचे एक जुने लाकडी चाक घेतले आणि त्यावर मेणबत्त्या लावल्या. आठवड्याच्या दिवसांसाठी लहान लाल आणि रविवारांसाठी मोठ्या पांढऱ्या. रोज एक मेणबत्ती पेटवायची. किती दिवस गेले आणि किती राहिले, हे मुलांना डोळ्यांनी दिसू लागले. तेव्हा विखर्न फक्त ३१ वर्षांचे होते.

जर्मनीतच काही घरांत मुले दारावर खडूने २४ रेघा काढत आणि रोज एक रेघ पुसत. पुढे विसाव्या शतकाच्या सुरुवातीला म्युनिकमध्ये गेरहार्ड लांग यांनी छापील कॅलेंडरे काढली. तुमच्या घरातल्या चॉकलेटच्या कॅलेंडरचे हे पणजोबा!

आता परत मावशींच्या घरी जाऊ या.

भाग ३ : चहाचा दुसरा कप

माझी मुलगी गुलाबी मेणबत्तीकडे बघत होती. मग तिने एकदम विचारलं, "मावशीआजी, काकाआजोबा नाहीत तर तुम्हाला सॅड नाही वाटत?"

मी कानकोंडा झालो. तिला गप्प करणार होतो, पण मावशींनी हाताने मला थांबवलं.

"वाटतं ना, बाळा. रोज वाटतं. आज सकाळी ड्यूटीवरून आले आणि चहाला दोन कप काढले. मग एक परत ठेवून दिला."

"मग ही आनंदाची मेणबत्ती का लावली?"

मावशी थोडा वेळ गप्प बसल्या. मग म्हणाल्या, "दुःख संपल्यावर ही लावायची असं तुला कोणी सांगितलं? हे बघ, चौथी मेणबत्ती अजून लागायची आहे. नाताळ अजून यायचाय. यंदा तर नाताळच्या रात्री माझी ड्यूटी आहे. मग मी आनंद कधी करू? सगळं ठीक झाल्यावर? तेवढी थांबले तर ही मेणबत्ती कपाटातच राहील."

मग त्या उठल्या आणि खिडकीतून एक ताटली घेऊन आल्या. ताटलीत ओली माती होती आणि मातीतून बारीक हिरवे कोंब वर आले होते.

"नाचणी," मावशी म्हणाल्या. "आमच्याकडे वसईला लहानपणी आम्ही आगमनकाळात नाचणी पेरायचो. नाताळपर्यंत असं छान गवत उगवायचं. मग ते गोठ्यात ठेवायचो, बाळ येशूच्या आजूबाजूला."

"इथल्या थंडीत उगवते?" मी विचारलं.

"हीटरवरच्या खिडकीत ठेवली की उगवते. आठवडाभर नुसती माती दिसत होती. मला वाटलं, गेली वाया. आज सकाळी तो कप परत ठेवला ना, तेव्हाच इकडे लक्ष गेलं. कोंब आले होते. आता सांग, मला एकाच वेळी दोन गोष्टी वाटल्या की नाही?"

माझ्या मुलीने कोंबांवर हलकेच तळहात फिरवला. "बाबा, हे आपल्या नवरात्रासारखं आहे!" ती म्हणाली. खरंच की! आमच्या घरी घटाभोवती धान्य पेरतात, तेही असंच उगवतं. सकाळपासून ती माझ्याशी पहिल्यांदाच बोलली होती.

मावशींनी माझ्याकडे बघितलं. "आणि तू रे? झोपला नाहीस वाटतं. तोंड बघ केवढंसं झालंय."

मी सकाळची सगळी हकीकत सांगितली. ओरडलो तेही सांगितलं. मावशींनी मला उपदेश केला नाही. एवढंच म्हणाल्या, "दमल्यावर माणूस ओरडतो. मीसुद्धा ओरडते. पण 'मी दमलोय' हे आधी तोंडाने सांगावं. पोरांना कळतं."

मग त्या उठल्या. "वरणभात टाकते. जेवूनच जा."

भाग ४ : चिठ्ठ्या

घरी आल्यावर मी मुलीला म्हटलं, "माझं चुकलं. मी खूप दमलो होतो आणि राग तुझ्यावर काढला."

ती म्हणाली, "मी पण टायर्ड होते. वेट करून."

मग आम्ही दोघांनी ते कॅलेंडर समोर घेतलं. १५ ते २४, दहा रिकाम्या खिडक्या. आत काय ठेवायचं? नवीन चॉकलेटं आणता आली असती. पण तिला वेगळी युक्ती सुचली. रोज रात्री एक चिठ्ठी लिहायची आणि त्या दिवसाच्या खिडकीत ठेवायची. चिठ्ठीवर त्या दिवशीचा एक आनंद. नियम एकच : आनंद आजचाच हवा. 'नाताळला मला सायकल मिळणार' असं लिहायचं नाही. आणि लिहायचं मराठीत.

त्यातल्या काही चिठ्ठ्या तिच्याच शब्दांत वाचा.

१५ : आज बस वेळेवर आली.
१६ : आईने पोळीचा लाडू केला.
१७ : बाबाचा फोन रात्री वाजला नाही.
१८ : शाळेच्या नाटकात मी मेंढी झाले. मला एकच लाइन होती. बें.
२० : आज काही नाही. खूप ताप आहे.
२१ : ताप गेला. मऊ भात खाल्ला.

२० तारखेची चिठ्ठी ठेवायची की नाही, असं तिने मला विचारलं होतं. मी म्हटलं, ठेव. तीही खरीच आहे. दुसऱ्या दिवशीचा मऊ भात तिला एवढा गोड का लागला, हे त्या चिठ्ठीशिवाय कळलं नसतं.

तुम्हाला वाटेल, मग सगळं छान झालं असेल. तसं नाही. माझं काम २३ तारखेपर्यंत संपलं नाही. फोन आणखी दोन रात्री वाजला. दिवस चार वाजताच मावळत होता. पण रोज रात्री दहा मिनिटं आम्ही दोघं स्वयंपाकघरात बसायचो आणि मी विचार करायचो, आज काय लिहायचं? मग दिवसभर माझं थोडं लक्ष राहायचं. चिठ्ठीसाठी काहीतरी शोधावं लागायचं, आणि शोधलं की बहुतेक वेळा सापडायचं.

२४ तारखेला संध्याकाळी मावशी ड्यूटीवर निघाल्या. हातात डबा होता, डब्यात करंज्या. केअर होममधल्या आजी-आजोबांसाठी. माझी मुलगी धावत बाहेर गेली आणि तिने २४ नंबरची चिठ्ठी मावशींच्या कोटाच्या खिशात घातली. तिने त्यावर काय लिहिलं होतं, ते मला दाखवलं नाही.

शब्दार्थ

त्राण – शक्ती, जोर
सताड उघडी – पूर्ण उघडी
यजमान – (इथे) नवरा
डहाळी – झाडाची लहान फांदी
कडं – गोल आकाराची वस्तू. हातात घालतात तेही कडंच
बेड्या – कैद्याच्या हातापायांत घालतात त्या साखळ्या
वेदी – चर्चमधली पूजेची जागा
कानकोंडा होणे – लाज वाटून अवघडल्यासारखं होणे
कोंब – बी उगवताना निघणारा पहिला अंकुर
गोठा – गाईगुरांची जागा. नाताळात येशूच्या जन्माचा देखावा
हकीकत – घडलेली गोष्ट
उपदेश – 'असं वाग, तसं वाग' असं सांगणे

भाषेची गंमत

१. दमण्याचे किती प्रकार!

मी दमलो – धावून, जिने चढून किंवा काम करून शक्ती संपली. विश्रांती घेतली की बरं वाटतं.
आजोबा आता थकले – हे जास्त दिवसांचं किंवा वयाचं असतं.
डोळे शिणले – बराच वेळ वाचून किंवा स्क्रीन बघून.
मी कंटाळले – काम कमी असलं तरी मन लागत नाही.
आई वैतागली – दमणं आणि राग एकत्र. अशा वेळी जरा लांब राहा!

२. 'वाट पाहणे' म्हणजे काय? वाट म्हणजे रस्ता. कोणी यायचं असलं की आपण दारात उभे राहून रस्त्याकडे बघतो, म्हणून वाट पाहणे. पण जपून! 'वाट लागणे' म्हणजे सगळं बिघडणे. "मी तुझी वाट पाहिली" आणि "मी तुझी वाट लावली" यांत फार मोठा फरक आहे.

३. 'आनंद' या शब्दाबरोबर कोणतं क्रियापद येतं, ते बघा.

मला आनंद झाला. (तो आपोआप आला.)
आम्ही आनंद केला. (तो आम्ही ठरवून केला.)
तिने थोडक्यात आनंद मानला. (जे होतं त्यात समाधान शोधलं.)
मला आनंद वाटला. (मनात जाणवला.)
मी आनंद वाटला. (दुसऱ्यांना दिला.)

शेवटची दोन वाक्यं पुन्हा वाचा. 'मला' आणि 'मी' एवढाच फरक आहे!

तुम्हाला माहीत आहे का?

• थॉमस स्टीफन्स हे इंग्लंडमध्ये जन्मलेले धर्मगुरू गोव्यात राहिले, मराठी शिकले आणि त्यांनी 'ख्रिस्तपुराण' हे मोठे काव्य ओव्यांमध्ये लिहिले. ते १६१६ साली छापले गेले. त्याचे दोन भाग आहेत. येशूच्या जन्माआधी लोक तारणाऱ्याची वाट कशी पाहत होते, ते पहिल्या भागात येते, आणि येशूचे जीवन दुसऱ्या भागात. मराठी शिकताना तुम्हाला कधी अवघड वाटलं, तर स्टीफन्स यांना आठवा.

• वसईचे फादर फ्रान्सिस दिब्रिटो हे मराठी लेखक होते. 'सुवार्ता' या मराठी मासिकाचे ते अनेक वर्षे संपादक होते. जानेवारी २०२० मध्ये उस्मानाबाद येथे झालेल्या अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलनाचे ते अध्यक्ष होते.

स्वाध्याय

अ. एका वाक्यात उत्तर लिहा.
१. रविवारी सकाळी बाबा का ओरडले?
२. आगमनकाळात एकूण किती रविवार येतात?
३. विखर्न यांनी मेणबत्त्या कशावर लावल्या?
४. मावशींनी ताटलीत काय पेरलं होतं?

आ. खरे की खोटे, ते लिहा. खोटे असेल तर वाक्य दुरुस्त करा.
१. तिसऱ्या रविवारी जांभळी मेणबत्ती लावतात.
२. मावशींना आता दुःख होत नाही.
३. पौलाने ते पत्र कैदेत असताना लिहिले.
४. २० तारखेची चिठ्ठी त्यांनी फेकून दिली.

इ. योग्य शब्द भरा. (दमलो, कंटाळलो, शिणले, थकले)
१. दिवसभर फोन बघून माझे डोळे ______.
२. पाच मैल पळून मी ______.
३. तोच खेळ खेळून खेळून मी ______.
४. आमचे शेजारचे आजोबा आता फार ______ आहेत.

ई. तीन-चार वाक्यांत उत्तर लिहा.
१. "मला एकाच वेळी दोन गोष्टी वाटल्या की नाही?" असं मावशी म्हणाल्या. त्या दोन गोष्टी कोणत्या? तुम्हाला असं कधी झालं आहे का?
२. चिठ्ठीवर 'आनंद आजचाच हवा' असा नियम होता. हा नियम नसता तर काय झालं असतं?

उ. बोला. भारतातल्या आजी-आजोबांना किंवा मावशी-काकांना फोन करा. त्यांना विचारा : "तुम्ही खूप दमला होता आणि तरी आनंद झाला, असा एक दिवस सांगाल का?" त्यांनी सांगितलेली गोष्ट शनिवारी वर्गात दोन मिनिटांत सांगा.

ऊ. उपक्रम. दहा दिवस रोज रात्री एक चिठ्ठी लिहा. एक वाक्य पुरे. शुद्धलेखन चुकलं तरी चालेल. एखाद्या दिवशी काहीच सापडलं नाही तर तेही लिहा. चिठ्ठ्या डब्यात किंवा पाकिटात ठेवा आणि सुट्टीनंतरच्या पहिल्या वर्गाला घेऊन या. वाचून दाखवायच्या की नाही, ते तुम्ही ठरवा.

पालकांसाठी : चिठ्ठी तुम्हीही लिहा. मुलांना फक्त लिहायला सांगितलं तर तो गृहपाठ होतो. आणि त्या दिवशी तुम्ही दमला असाल, तर तसं त्यांना आधीच मराठीत सांगा.